माझ्याआधी निघालेली फाईल

मुलगी झाली तेव्हा मी सातपूरच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेतली नोकरी सोडली. सोडली म्हणजे मी रजा वाढवत गेले आणि एक दिवस त्यांनी रजा देणं सोडलं. पुढे घरीच दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेतल्या. मुलगी हायस्कुलात गेली तेव्हा म्हटलं, आता पुन्हा पूर्णवेळ नोकरी करायची. हे ठरवायला मला एक दुपार लागली. नोकरी मिळायला किती लागलं ते मी मोजत नाही, कारण मोजलं की डोकं फिरतं.

नोकरी शोधताना माणसाला काय काय सहन करावं लागतं हे ज्याने शोधली नाही त्याला सांगून कळत नाही. संगणकावर आधी आपली सगळी माहिती लिहिलेला कागद चढवायचा आणि तो चढला की त्याच कागदावरची सगळी माहिती पुन्हा एकेका चौकटीत हाताने भरायची. मग तो कागद कुठे जातो ते कोणालाच माहीत नसतं. लग्नाकार्यात भेटणारे नातेवाईक हातातली पत्रावळ सांभाळत विचारतात, "काय, लागलं का कुठे?" जणू मी बोअरवेल घेत होते. "आमच्या ओळखीत एक साहेब आहेत" असं म्हणणाऱ्या माणसांची तर मला धास्तीच बसली. त्या साहेबांना फोन केला की ते साहेब दुसऱ्या साहेबांचा नंबर देत, आणि ते दुसरे साहेब निवृत्त झालेले निघत.

आणि मुलाखती. समोरचा माणूस माझ्या एम.एस्सी.कडे बघायचा, मग अनुभवाकडे, मग त्यापुढच्या रिकाम्या वर्षांकडे. बोट तिथे ठेवायचा. "मध्ये एवढी गॅप?" मी सांगायचे, मुलगी. मग तो विचारायचा, "घरी कोण असतं?" मी म्हणायचे, सासूबाई. इथे बहुतेकांची मान समजूतदारपणे हलायची. "त्यांचं काही म्हणणं नाही ना?"

नाही, मी सांगायचे. खरं तर सासूबाईंचं काय म्हणणं आहे ते मलाही माहीत नव्हतं. त्या मूळच्या कळवणकडच्या. लग्न होऊन एकलहऱ्याला आल्या, कारण सासरे तिथल्या वीज केंद्रात होते. आता माझा नवराही तिथेच पाळीने कामाला जातो. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली. आम्ही इंदिरानगरला फ्लॅट घेतला तेव्हा त्या आमच्याबरोबर आल्या. दोन्ही गुडघे कामातून गेलेले आणि ऑपरेशनचं नाव काढलं की त्या विषय बदलतात. बहिणीशी फोनवर बोलताना त्यांची भाषा पार तिकडची होते, "बरं शे ना?" वगैरे. आमच्याशी बोलताना मात्र मोजकंच बोलतात. मी मुलाखतीहून आले की त्या एकच विचारायच्या, "काय काय इचारलं?" मी चिडून सगळं सांगायचे, त्या शेवटपर्यंत ऐकायच्या आणि "बरं" म्हणून स्वयंपाकघरात जायच्या. मला ती चौकशी वाटायची. नोकरी लागली नाही म्हणून सुटले, असं तर त्यांच्या मनात नसेल, असंही एकदोनदा वाटून गेलं.

तर अखेर लागली. अंबडच्या एका कारखान्यात. टोमॅटोचा गर आणि सॉस काढतात. तिथल्या प्रयोगशाळेत गराची गोडी, आंबटपणा, त्यात जंतू वाढलेत का, हे तपासायचं काम. फोन आला तेव्हा मी गवार मोडत होते. फोन ठेवला आणि पुन्हा गवार मोडायला लागले. मग रडले. त्या रडण्यात आनंद थोडा आणि वैताग जास्त होता.

सोमवारी हजर व्हायचं होतं. येताना सगळी मूळ प्रमाणपत्रं आणायची, झेरॉक्स चालणार नाही, हे त्या कंपनीच्या एचआर मॅडमनी दोनदा सांगितलं.

माझ्या नवऱ्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं आणि तो म्हणाला, "सोमवारी अमावस्या दिसतेय. एक दिवस पुढे ढकल की. मंगळवारी येते म्हणून सांग. एका दिवसाने काय होतंय?"

तो वाईट माणूस नाही. अमावस्या-पौर्णिमा पाळणाराही नाही. त्याला समोर कुठलीही गोष्ट दिसली की ती पुढे ढकलता येईल का हे आधी सुचतं, एवढंच. गॅस सिलिंडर संपत आला तरी तो हलवून बघतो आणि म्हणतो, जाईल अजून दोन दिवस. मी म्हटलं, सोमवती अमावस्या आहे, ती तर चांगली असते. सासूबाई कोपऱ्यात लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सोमवती नदीला चांगली. नोकरीला नाय."

घरात दोन मतं एका बाजूला झाल्यावर मी काय करणार? एचआर मॅडमना फोन लावला आणि अतिशय गोड आवाजात विचारलं की मंगळवारी आले तर चालेल का. त्याही तितक्याच गोड आवाजात म्हणाल्या, "मॅडम, सोमवारी नाही जमलं तर सांगा, आमच्याकडे यादीतलं पुढचं नाव तयार आहे." फोन स्पीकरवर होता. मी तो बंद केला आणि नवऱ्याकडे नुसतं बघितलं. "बरं, मग सोमवारीच जा," तो म्हणाला, जणू हे त्यालाच सुचलं होतं. सासूबाईंचा लसूण सोलून झाला होता तरी त्या बसून राहिल्या.

रविवारी दुपारी मी तयारीला लागले. साडी की ड्रेस यावर मुलीचं मत घेतलं, ते पटलं नाही म्हणून पुन्हा माझंच मत घेतलं. मग फाईल काढायला कपाट उघडलं. फाईल नव्हती.

निळी फाईल, आत दहावीपासून एम.एस्सी.पर्यंत सगळं. जुन्या कंपनीचं अनुभवाचं पत्र, लग्नानंतर नाव बदलल्याचं गॅझेट, सगळं. मी कपाट रिकामं केलं. गादी उचलली. मुलीचं दप्तर उलटं केलं. नवऱ्याला झोपेतून उठवलं, तर तो म्हणाला, "असेल की, नीट बघ." हे वाक्य जगातल्या सगळ्या नवऱ्यांना कुठे शिकवतात ते मला एकदा बघायचं आहे.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "काय शोधती?"

"फाईल. माझी निळी फाईल."

"ती गेली."

"गेली म्हणजे? कुठे गेली?"

"परस्थान ठेवलंय तुझं," त्या शांतपणे म्हणाल्या. "शुक्रवारी. दिवस चांगला व्हता."

प्रस्थान म्हणजे काय हे मला ऐकून माहीत होतं. निघायचा दिवस चांगला नसेल तर आधीच्या चांगल्या दिवशी आपली एखादी वस्तू, थोडे तांदूळ, सुपारी, हळकुंड असं बांधून दुसऱ्याच्या घरी ठेवायचं. म्हणजे आपण त्याच दिवशी निघालो असं धरतात. मग प्रत्यक्ष जायच्या दिवशी वाटेत ते उचलायचं आणि पुढे व्हायचं. ते परत घरात मात्र आणायचं नाही. आणलं की प्रस्थान मोडलं. सासरे बदलीवर जायचे तेव्हा सासूबाईंनी हे केलेलं. नवऱ्याच्या पहिल्या नोकरीलाही केलं होतं. त्याचा एक सदरा ठेवला होता.

"त्यांचा सदरा ठेवलात ना," मी ओरडलेच, "मग माझी ओढणी ठेवायची. रुमाल ठेवायचा. माझ्या पदव्या कशाला?"

"तुझ्या जाण्यातलं मुख्य तेच हाय," त्या म्हणाल्या.

फाईल पलीकडच्या गल्लीतल्या काकूंकडे होती. या काकू सासूबाईंच्या भजनी मंडळातल्या. नवरा-बायको दोघंच बंगल्याच्या तळमजल्यावर राहतात, वर भाडेकरू. मी फोन केला. काकू म्हणाल्या, "अगं, देवापाशी ठेवलीय. रोज दिवा लावते तिच्यापुढे."

"दिवा? किती पुढे?"

"लांब आहे गं. तू सकाळी जाताना घे. आम्ही कुठे जातोय?"

मला त्याच क्षणी जाऊन ती आणायची होती. चप्पल घातलीही. पण सासूबाई दारात तशाच उभ्या. घरात आणू नकोस, एवढंच म्हणत राहिल्या. स्कूटरच्या डिकीत ठेवते म्हटलं, तर स्कूटर आपल्याच पार्किंगमध्ये असते, म्हणजे घरातच झालं. पर्समध्ये ठेवून पर्स गॅलरीत टांगू का, असं मुलीने विचारलं, तिला मी आत पिटाळलं. नवरा नेहमीप्रमाणे मध्यावर उभा राहिला. "आता एवढं केलंय तिने, तर राहू दे ना. सकाळी वाटेतच आहे."

मी चप्पल काढली. पटलं म्हणून नाही. मला पुढचं सगळं दिसलं म्हणून. मी फाईल घरात आणली असती तर त्या नोकरीत पुढे जे जे वाईट झालं असतं, साहेब खवट निघाला, पाय मुरगळला, टोमॅटोचा भाव कोसळला, त्या सगळ्याचं खापर प्रस्थान मोडण्यावर फुटलं असतं. इतकी मोठी जबाबदारी घ्यायची माझी ताकद त्या दिवशी नव्हती.

सोमवारी सकाळी हातावर दही-साखर घेऊन मी निघाले. सासूबाईंनी दारातूनच निरोप दिला. काकूंच्या फाटकाशी स्कूटर लावली आणि आत गेले, तर दाराला कुलूप. बेल वाजवली. फोन केला. फोन आतच वाजत होता. खिडकीतून त्याचा आवाज स्पष्ट येत होता, आरतीची रिंगटोन. ती संपली की मी पुन्हा लावायचे. कुलूप लावलेल्या दारापुढे उभं राहून मी दोनदा आख्खी आरती ऐकली.

वरच्या भाडेकरू बाई केस पुसत गॅलरीत आल्या. "काका-काकू ना? ते पहाटेच रामकुंडावर गेले. सोमवती आहे ना आज. मंडळातली सगळी जणं गाडी करून गेलीत."

सोमवती नदीला चांगली. हे मला आदल्या आठवड्यात सांगितलेलं होतं.

काका मोबाईल वापरत नाहीत. मंडळातल्या इतर कोणाचा नंबर माझ्याकडे नव्हता. किल्ली काकूंच्या कमरेला, काकू गोदावरीत. मी घरी फोन लावला. नवरा नुकताच रात्रपाळी करून आला होता. मी सगळं सांगितलं. तो जांभई आवरत म्हणाला, "अरेच्चा. मग आता काय करतेस? उद्या जातेस का?"

खरं सांगायचं तर त्या पायरीवर मलाही क्षणभर तेच वाटलं होतं. घरी जावं, झोपावं, उद्याचं उद्या बघावं. यादीतली ती दुसरी बाई किंवा बुवा जे कोण असेल त्याने खुशाल तपासावेत टोमॅटो. पण ते वाक्य नवऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्याला काय बोलले ते इथे लिहीत नाही. बोलता बोलता पलीकडे फोन दुसऱ्याच्या हातात गेला.

"तू जा," सासूबाई म्हणाल्या. "थांबू नको. फाईल येते."

"कशी येते? तिला पाय आहेत?"

"तू जा म्हणलं ना," त्या म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

मी गेले. महामार्गाखालच्या बोगद्याशी नेहमीची कोंडी होती. अंबडच्या रस्त्यावर टोमॅटोचे पिकअप एकामागे एक लागले होते. कारखान्याच्या गेटवर वहीत सही केली, आत एका सोफ्यावर बसले. एचआर मॅडम माझ्यापेक्षा पुष्कळ लहान होत्या. हसून म्हणाल्या, "वेलकम मॅडम. ओरिजिनल्स द्या, स्कॅन करून लगेच परत देते. मग तुमचं कार्ड बनेल."

"ओरिजिनल्स अजून आलेली नाहीत," मी म्हटलं.

"म्हणजे घरी राहिली?"

"घरी नाहीत."

"मग कुठे आहेत?"

आता काय सांगू? औषध कंपनीत काम केलेली बाई मी. समोरच्या भिंतीवर स्वच्छतेचे नियम लावलेले. आणि माझ्या पदव्या एका परक्या देवघरात सुपारीबरोबर शुभ दिवसापासून प्रवासाला निघालेल्या.

"ती निघालीत," मी म्हटलं. यात खोटं काहीच नव्हतं.

मॅडमनी घड्याळाकडे बघितलं. त्यांनीही आवाज मऊ ठेवला, पण नियम तो नियम. कागद बघितल्याशिवाय कार्ड नाही, कार्डाशिवाय प्रयोगशाळेत पाऊल नाही, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत झालं नाही तर त्यांना वर कळवावं लागेल. वर म्हणजे काय ते मला समजलं. यादीतलं पुढचं नाव.

मी सोफ्यावर बसून राहिले. काचेतून प्रयोगशाळेचं दार दिसत होतं. पांढरे कोट घातलेली माणसं आतबाहेर करत होती. कोणीतरी नमुन्यांचा ट्रे नेताना माझ्याकडे बघून हसलं, मीही हसले. आतून मी पेटले होते. सासूबाईंवर, काकूंवर, नवऱ्यावर, पंचांग छापणाऱ्यांवर. इतकी दारं ठोठावली, इतक्या लोकांना माझ्या रिकाम्या वर्षांचा हिशेब दिला, आणि शेवटी दार उघडल्यावर मी उंबऱ्यावर रिकाम्या हाताने बसलेय. कोणामुळे, तर "त्यांचं काही म्हणणं नाही ना" याला मी ज्यांच्या वतीने इतक्या वेळा नाही म्हटलं त्यांच्यामुळे. त्यांना हेच हवं होतं की काय? हे मनात आलं आणि आलं ते बसूनच राहिलं. घरी फोन केला तर नवरा म्हणाला, आई कुठेतरी बाहेर गेलीय, मला वाटलं तुझ्याकडेच आली.

जेवणाची सुट्टी व्हायला थोडा वेळ उरला असताना गेटवरच्या वॉचमनचा फोन आत आला. कोणी दोन म्हाताऱ्या बायका आल्या आहेत आणि त्यांना आत सोडलं नाही म्हणून एक जण भांडते आहे.

भांडत होत्या त्या काकू. केस ओले, अंगावर कोरडी साडी आणि हातातल्या पिशवीत ओली, वर तांब्यात गोदावरीचं पाणी. सासूबाई रिक्षातच बसून होत्या. पाय खाली सोडवत नव्हता. त्यांच्या मांडीवर निळी फाईल होती, लाल दोऱ्याने बांधलेली.

मी फाईल घ्यायला हात पुढे केला. त्यांनी आधी माझ्या पायांकडे बघितलं. "आत जाऊन आली का तू? गेटाच्या आत?"

"तासन्‌तास आतच बसलेय."

"मग झालं," त्या म्हणाल्या आणि फाईल दिली.

काय घडलं ते काकूंनी तिथेच सांगितलं, कारण सांगितल्याशिवाय त्या जाणाऱ्या नव्हत्या. सासूबाई रिक्षाने निघाल्या. गर्दीमुळे पोलिसांनी रस्ता बंद केला होता, म्हणून रविवार कारंज्याच्या चौकातच उतरावं लागलं. तिथून त्या गुडघ्यांनिशी, उतारावरून, माणसांच्या लोंढ्यातून चालत रामकुंडापर्यंत. घाटावर इतकी माणसं की काकूंना शोधणं अशक्य. मग त्या हरवलेल्या माणसांची नावं पुकारतात त्या मंडपात गेल्या. तिथल्या पोलिसाने विचारलं, कोण हरवलंय, काय नाव? त्यांनी त्याच्या हातातला माईकच मागितला. त्याने का दिला कोण जाणे.

"तू निघायच्या आत परतू असं वाटलं होतं. मी पाण्यात," काकू म्हणाल्या, "आणि वरून हिचा आवाज. इंदिरानगरच्या भजनी मंडळाच्या काकू, असशील तिथून वर ये. तुझ्या घरात माझ्या सुनेची नोकरी अडकली हाय. सगळा घाट माझ्याकडे बघायला लागला गं. अर्धवट बुडी सोडून आले."

मला हसू आलं नाही. तेव्हा नाही. मी पळत आत गेले. मॅडमनी दोरा सोडला आणि फाईल उघडली तर टेबलावर तांदूळ सांडले. सुपारी घरंगळत जाऊन त्यांच्या कीबोर्डला अडली. एम.एस्सी.च्या पदवीवर, विद्यापीठाच्या शिक्क्याच्या अगदी शेजारी, हळदीचं एक बोट उमटलेलं होतं. मॅडम त्याकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे.

"हे स्कॅनमध्ये येईल," त्या म्हणाल्या.

"येऊ द्या," मी म्हटलं. त्या कंपनीच्या दफ्तरात माझी पदवी पिवळ्या बोटासकट कायमची जमा झाली. दुपारी माझं कार्ड झालं, पांढरा कोट मिळाला, आणि मी त्या दिवशी टोमॅटोच्या गराचे नमुने तपासले. हात सगळं विसरला असेल अशी भीती होती, पण तो काही विसरला नव्हता.

संध्याकाळी परत येताना बोगद्याच्या कोंडीत मी भाषण तयार केलं. चांगलं लांबलचक होतं. मुद्देसूद होतं. घरी आले तर सासूबाई पलंगावर पाय लांब करून बसल्या होत्या, गुडघ्यांना तेल चोपडलेलं. नवरा पाळीवर जायच्या आधीची झोप काढत होता. मुलगी क्लासला गेली होती.

"आई, मी आज तुम्हाला बोलणार आहे," मी म्हटलं.

"बोल."

मी बोलले. नोकरी कशी गेलीच होती ते बोलले. सोफ्यावर बसून काय वाटलं ते बोलले. अमावस्येला माणसं जन्माला येतात, अमावस्येला गाड्या चालतात, एकलहऱ्याची वीज काय अमावस्येला बंद ठेवतात का, असंही बोलले. त्या नेहमीसारख्या ऐकत होत्या. मी श्वास घ्यायला थांबले तेव्हा म्हणाल्या, "झालं? अमावस्येचं मला काय नाय गं."

"मग हे सगळं कशासाठी?"

त्यांनी आतल्या खोलीच्या दाराकडे बघितलं. नवरा घोरत होता.

"एकलहऱ्याच्या कॉलनीत बालवाडी निघाली व्हती," त्या म्हणाल्या. "मी मॅट्रिक. मला घेतलं. हा तवा पाळण्यात व्हता. हजर व्हायचा दिवस आला, ती अमावस्या. तुझे सासरे म्हणले, आज नको, उद्या जा. एका दिवसानं काय व्हतंय? रागानं नाय म्हणले. चांगलं बोलले. उद्या गेले तर दुसरी पोरगी मुलांना घेऊन बसलेली."

मी पलंगाच्या कडेला बसले.

"परवा हा म्हणला ना, एक दिवस पुढं ढकल. मला वाटलं तेच बोलतायत. आवाज बापाचाच हाय त्याचा. मीबी सवयीनं त्याचीच री ओढली, फोनवर पुढचं नाव ऐकलं तवा भानावर आले."

"पण आई, तो फोन झाल्यावर मी थांबले नसते. मी नाही म्हटलं असतं."

"तुझं तू म्हणली असती. पण सोमवारी सकाळी पोरीला ताप आला असता, नायतर ह्याची पाळी बदलली असती, नायतर माझंच गुडघं धरलं असतं. घरात बाई असली की शंभर कामं निघतात. म्हणून फाईलच बाहेर काढली. वस्तू घरातनं गेली की माणसाला तिच्या मागं जावंच लागतं."

"त्यांचा तर सदराच ठेवला होतात."

"त्याला कोण अडवणार व्हतं? त्याला सदरा पुरतो."

माझं भाषण अजून अर्धं शिल्लक होतं. मी ते कुठे ठेवावं हे मला कळेना. मी अजूनही चिडलेलीच होते, आणि ज्यांच्यावर चिडले होते त्यांच्या गुडघ्याला माझे हात कधी लागले तेही कळलं नाही. तेल जिरवता जिरवता मी म्हटलं, पुढच्या वेळी निदान झेरॉक्स ठेवा. झेरॉक्सचं परस्थान होत नाय, त्या म्हणाल्या.

मग मी विचारलंच. "आई, तुम्हाला हे सगळं तेव्हाही माहीत होतं. मग तुम्ही तेव्हा तुमचं प्रस्थान का नाही ठेवलंत?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू इतकी शिकलेली बाई एवढं साधं कसं विचारते.

"स्वतःचं स्वतःला ठेवता येत नाय," त्या म्हणाल्या. "ते घरातल्या दुसऱ्या कोणी ठेवावं लागतं."